मी पिशवी काढू दिली नाही

"उठ. नाटकं करू नको. कापूस काय तुहा बाप वेचंल?"

मालकीणबाई बांधावरून ओरडली. मी पऱ्हाटीत पोट धरून पडलती. ओटीतला कापूस मातीत सांडला होता. सोबतच्या बाया थांबल्या. जवळ कोणी आलं नाही. त्याईलेही उद्या त्याच वावरात यायचं होतं.

"या लोकाईच्या बायाईले पाळी म्हणजे सुट्टीच," बाई साऱ्याईले ऐकू जाईल असं म्हणाली. "आमाले काय येत नाही?"

या लोकाईच्या. साडीले डाग लागला होता. डाग झाकू का पोट धरू, समजत नव्हतं.

दर महिन्याले तेच. पोटात कोणी आतून पिळून राह्यलं असं वाटे. संडासाले बसली तरी जीव जाय. नवरा जवळ आला तरी दुखे. हे कोणाले सांगू? लग्नाले बरेच वर्सं झालते, लेकरू नव्हतं. आत काहीतरी सडून राह्यलं, आपण मरणार, एवढंच डोक्यात. लय भेव वाटे.

मंग मालकीणबाईनंच उपकार केला. तिच्या भाच्याचा तालुक्यात दवाखाना, तिथं आमाले धाडलं. त्यानं पोट दाबून पाह्यलं अन् माह्याशी नाही, माह्या नवऱ्याशी बोलला. "गर्भाची पिशवी काढून टाकू. कटकट संपेल."

"साहेब, लेकरू नाही अजून," नवरा हळूच म्हणाला.

"इतक्या दिवसांत झालं नाही, आता काय होणार? ठेवली तर कॅन्सर होईल. बघा तुम्ही."

नवऱ्याचं तोंड उतरलं. त्यानं हो म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मले हिरवा झगा घातला. सलाईन लावली. नर्स म्हणे, "इथं सही कर." तवा मले माही मावशी आठवली. तिचीही पिशवी अशीच काढलती. पोटाचं दुखणं काही गेलं नाही.

"माही तपासणी कोणती केली?" मी विचारलं. तेवढ्यात डॉक्टर आत आला. परत विचारलं.

डॉक्टर हसला. "आता वेचणीची बाई मला शिकवणार?"

"वेचणीचीच हाव. पोट माहं हाय. मी नाही काढू देत."

सलाईनची सुई मीच उपसली. रक्त आलं. नवरा दारात उभा. "मरशीन तू," म्हणे.

"मरीन तं मरीन. येथून चाल."

तसेच एस.टी.नं यवतमाळले गेलो, सरकारी दवाखान्यात. तिथं डॉक्टरबाईनं मलेच विचारलं. कधी दुखते, शौचाले दुखते का, नवऱ्यासोबत असताना दुखते का. इतक्या वर्सांत पहिल्यांदा कोणी विचारलं. मी रडली. सोनोग्राफी झाली, पुढं पोटात दुर्बीण घालून पाह्यलं.

"गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखंच अस्तर तुझ्या गर्भाशयाबाहेर वाढलंय," त्या म्हणाल्या. "अंडाशयावर, आतड्याजवळ. दर पाळीला ते सुजतं, त्यातून रक्त येतं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात याला. कॅन्सर नाही."

"लेकरू?"

"अवघड जाऊ शकतं. होणारच नाही, असं मात्र नाही. अन् हा आजार मुळापासून जाईल, असं खोटं सांगत नाही."

नवरा बाहेर बाकड्यावर जाऊन तोंड झाकून बसला.

गोळ्या सुरू हायत. दुखणं कमी झालं, गेलं नाही. भेवही गेलं नाही. लेकराचा विचार आला का छातीत अजून धस्स होते.

त्या बाईच्या वावरात मी परत गेली नाही. वस्तीत कोण्या बाईले कोणी "पिशवी काढून टाक" म्हटलं का मी तिच्यासंग दवाखान्यात जातो. डॉक्टरसमोर भेव वाटते. वाटू दे. न तपासता कोण्याच बाईची पिशवी मी आता काढू देणार नाही. अन् कोणी नाटक म्हटलं, तं त्या आजाराचं नाव त्याच्या तोंडावर सांगीन.