वाशीच्या पुढं वाजलेला तवा

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेमानं वाचते आणि पोटभर हसते. निम्मा जन्म उघड्या माळावर झोपून काढलाय... भूत असतंच तर मला भेटायला त्याला भरपूर सवड होती. तरी आज मीच लिहितेय. कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं, मला काही फरक पडत नाही.

आम्ही मेंढरांवाले. माझ्या तरुणपणी सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असायचं. पुरुष मेंढरं घेऊन रानातून यायचे, बाया घोड्या घेऊन सडकेनं पुढं जायच्या — मुक्कामाला चूल पेटवायला. सामान लादायची एक रीत होती. तवा वाकळेत गुंडाळून आत खोचायचा, नाहीतर तो पातेल्यावर आपटतो आणि घोडी बुजते. मी तेव्हा लई शहाणी! तवा मुद्दाम बाहेर टांगायचे. सासूबाई चिडायच्या म्हणून तर जास्तच.

एकदा आमच्या धाराशिवकडच्या वाशीच्या पुढं मी एकटीच निघाले होते. मागून म्हातारीचा आवाज आला, "ए येडे, तवा आत घाल." सासूबाईच, दुसरं कोण? मी मान न वळवता सुनावलं, "न्हाय घालत. काय करायचंय ते कर." मग वळून बघितलं तर सडक मोकळी. मुक्कामाला विचारलं तर म्हणाल्या, मी पार मागं होते गं. मी मनात म्हटलं, खोटारड्या. पुढं कित्येक वर्षं तेच म्हणत राहिले.

आता गेल्या हिवाळ्यातलं.

मी तेरला एकटी राहते. धाराशिवच्या स्टँडवर एकदा भलत्याच एसटीत बसले, तेवढ्यावरून पुण्याच्या माझ्या मुलानं, दत्तानं, ठरवून टाकलं की आईला काही आठवत नाही, तिनं आता पुण्यात फ्लॅटमध्ये राहायचं, एकटीनं बाहेर पडायचं नाही. मी म्हटलं, पैज लाव. ईट गावाच्या अलीकडचा आपला जुना मुक्काम मी शोधते — कुणाला न विचारता, मोबाईल न बघता, एका दिवसात. तिथल्या विहिरीच्या दगडावर तुझ्या वडलांनी घोडी कोरलीय, तिचा फोटो पाठवते. सापडली तर मी तेरलाच मरेन. नाही सापडली तर गाठोडं बांधते.

नात ऋतुजा माझ्या बाजूनं. तिनं भाड्यानं कॅराव्हॅन आणली. आत पलंग, शेगडी, संडाससुद्धा! मी एकदा आत फिरून आले आणि विचारलं, सगळं झकास आहे गं, घोडी कुठं बांधलीस?

सकाळी निघालो. ढोकी, येरमाळा... रस्ता निवांत, मी गप्पा मारत, खुणा सांगत. वाशी सुटली आणि माझं तोंड बंद झालं. सडक रुंद झालेली, झाडं तोडलेली, माळावर पवनचक्क्या. एक खूण ओळखीची नाही. दोनदा पुढं गेलो, दोनदा मागं आलो. उन्हं कलली. दत्ताचा फोन आला, "आई, राहू दे आता. मी न्यायला येतो." मी हूं म्हटलं. आणि ऋतुजाला दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडं फिरवलं.

तेवढ्यात — ठण्ण. ठण्ण.

ऋतुजानं गाडी थांबवली, आतली भांडी तपासली. सगळे खण बंद. पुन्हा निघालो तर पुन्हा आवाज, आणि तोही पुढून. मी मान वर केली. लांबवर एक बाई घोडी घेऊन चाललेली. पदर खोचलेला, मान अशी ताठ जशी सडक तिच्या बापानंच बांधली. आणि तवा बाहेर! ऋतुजा म्हणाली, "आज्जी, पुढं कुणीच नाही. पण आवाज येतोय मला." तिनं वेग वाढवला. अंतर तेवढंच राहिलं.

पुलाशी घोडी बुजली, लगाम ओढत दोन पावलं आडवी गेली. मला राहवेना. काच खाली करून ओरडले, "ए येडे, तवा आत घाल."

तिनं मान वळवली नाही.

"न्हाय घालत. काय करायचंय ते कर."

ऋतुजानं करकचून ब्रेक मारला. "आज्जी... हा तुझा आवाज. पण पुढून आला."

त्या बाईनं मग वळून बघितलं. आमच्या आरपार, मोकळ्या सडकेकडं बघावं तसं. आणि पुलाच्या डाव्या अंगाला बाभळीत उतरली. आम्ही उतरून गेलो, तर ना घोडी, ना खुराची खूण. घाणेरीच्या झुडपात विहीर होती. दगडावर घोडी होती, एक कान तुटलेला. फोटो पाठवला. दत्ताचा फोन आला, "जिंकलीस आई."

रस्ता कुणी दाखवला हे त्याला सांगितलेलं नाही. ऋतुजा म्हणते, ही चीटिंग आहे. कसली चीटिंग? मुक्काम मी शोधायचा असं ठरलं होतं, कोणत्या वयातल्या 'मी'नं, ते ठरलं नव्हतं.

म्हातारीला भास झाला म्हणणाऱ्यांनी पोरीच्या कानांचं काय ते सांगावं. प्रतिध्वनी म्हणाल, तर तो उलट उत्तर देतो का? मला स्वतःला काही उलगडत नाही, आणि उलगडल्याचं सोंगही मी करणार नाही. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या, एवढंच कळलं.

घोडी राहिली नाही, पण तवा अजून दाराबाहेरच टांगते.