काचेच्या कपाटातला गोळा

ही हकिगत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे आणि दर वेळी अर्धीच सांगितली आहे. सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींना, जावयाला, नातवाच्या मित्रांनासुद्धा मी मोठ्या ऐटीत सांगत आलो की नव्वदच्या दशकाच्या मध्याला, लोक साधा माउस धरायलाही बिचकत होते त्या काळात, महाप्याच्या आमच्या ऑफिसात ट्रॅकबॉलवर काम चालत असे, आणि त्याचं श्रेय कंपनीच्या मासिकाने माझ्या छायाचित्रासह मला दिलं होतं. छायाचित्र खरं आहे. उरलेलं अर्धं मी वर्षानुवर्षं टाळलं, कारण त्या अर्ध्यात वनिता मढवी आहेत.

त्या ऑफिसचा वास अजून माझ्या नाकात आहे. बाहेरच्या दालनात अमोनियावर निघणाऱ्या नकाशांच्या प्रिंटांचा डोळे चुरचुरवणारा दर्प, आणि काचेचं दार ढकलून कॉम्प्युटरच्या खोलीत गेलं की एकदम थंड, कोरडी हवा, नव्या प्लॅस्टिकचा गोडसर गंध. आत अनवाणी जायचं असा नियम होता. धूळ येऊ नये म्हणून, असं कारण सांगत. पण त्या उंबरठ्यावर आम्ही क्षणभर थबकायचो, तेव्हा मनात धुळीचा विचार नसायचा. दुपारी बाराच्या सुमारास पारसिकच्या डोंगरात खाणीचा सुरुंग उडे, तावदानं थरथरत, पडद्यावरची एखादी रेघ कुणाच्या तरी हातून हलकेच वाकडी होई, आणि डोंगराच्या अंगावरून उठलेली पांढरी धूळ हिवाळ्याच्या उन्हात बराच वेळ तरंगत राही.

मी तिथला मुख्य ड्राफ्ट्समन. तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहून शाईने रेघा ओढलेला माणूस. माझ्या रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलत नाही, असं लोक म्हणत आणि मी ते ऐकून घेई. आता परदेशातल्या कुठल्याशा शहराच्या जलवाहिन्यांचे जुने नकाशे आमच्याकडे येत. ते पडद्यावर आणायचे आणि माउसने त्यांच्यावरून रेघ न् रेघ पुन्हा काढायची, असं ते काम होतं. मला स्वतःला माउस कधी वश झाला नाही. तो मी इतरांकडून चालवून घेई, आणि त्यांच्या मागे हात बांधून उभा राही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्या परदेशी कंपनीचे एक वयस्क इंजिनियर येऊन गेले आणि जाताना भेट म्हणून एक ट्रॅकबॉल ठेवून गेले. काळी, पसरट बैठक, तिच्या मधोमध लिंबाएवढा लालभडक गोळा, दोन्ही बाजूंना एकेक बटण. माउस टेबलभर ढकलावा लागतो, त्यात मनगट आणि खांदा दोन्ही शिणतात. हे यंत्र जागचं हलत नाही, बोटांनी नुसता गोळा फिरवायचा, हात टेकलेला राहतो, असं त्यांनी समजावलं. मी ते ऐकलं, मान डोलावली आणि ती वस्तू काचेच्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. आमच्या पिढीची रीतच ती. चांगले कप पाहुण्यांसाठी, चांगली चादर दिवाळीसाठी, आणि जे सर्वांत मोलाचं ते काचेआड, नुसतं दिसण्यासाठी. पाहुणे यायचे असले की मी तो ट्रॅकबॉल एका मशीनला जोडून ठेवी, आणि ते गेले की पुसून परत कपाटात. खंडेनवमीला तर आम्ही त्याची पूजा केली. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, कंपास आणि त्यांच्या मधोमध तो लाल गोळा; त्याच्यावर मी स्वतःच्या हाताने हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या.

वनिता मढवी त्या वर्षी एप्रिलमध्ये कामाला लागल्या होत्या. खाडीकाठच्या गावातल्या, वडील मिठागरात काम करत, आणि ज्या जमिनीवर आमची कारखानदारी उभी राहिली तीत त्यांच्या घराचीही थोडी गेलेली. गावातल्या काही जणांना कामावर घ्यावं असा आग्रह झाला, त्यात त्या आल्या. आयटीआयचा कोर्स चांगल्या गुणांनी पुरा केलेला होता, पण मी तो कागद नीट वाचलाच नाही. माझ्या लेखी त्या आग्रहाने आलेल्या होत्या. वर्षभर हंगामी, मग काम पाहून मार्चअखेर कायम करायचं, असं ठरलेलं. त्यांच्या सासरीही तेवढीच मुदत होती, हे सगळ्या खोलीला ठाऊक होतं: कायम झाल्या तर नोकरी, नाहीतर घर.

पावसाळा सरता सरता त्यांचा उजवा हात दुखू लागला. आधी अंगठ्याला मुंग्या, मग मनगटाला सूज. त्या जुन्या साडीची पट्टी मनगटाला घट्ट बांधून येत आणि तासाभराने हात मांडीवर घेऊन दाबत बसत. दिवाळीनंतर एक दिवस त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"सायब, त्यो कपाटातला गोला मना वापराला द्या ना. हात जाम दुखतं. त्याला मनगट हालवाला नाय लागत."

मी काही बोलण्याआधीच पलीकडच्या मशीनवरचा सावंत ओरडला, "ताई, तसा नाय मिळणार तो! सायब आधी आंघोळ करतील, सोवळं नेसतील, मग घंटा वाजवून कपाट उघडतील. प्रसाद घेऊन जा फक्त!"

सगळे हसले. मढवीबाईही हसल्या. मीही हसलो, आणि मग हसू आवरून म्हणालो, "मढवीबाई, ते खेळणं नाही. आम्ही बोर्डापुढे दहा-दहा तास उभे राहायचो, आमचे नाही हात दुखले." हे खोटं होतं. माझा खांदा आजही पावसाळ्यात रात्रभर ठणकतो.

त्यांचा वेग उतरत गेला. इतरांचे तीन नकाशे व्हायचे तेव्हा त्यांचा एक व्हायचा. डिसेंबरात मुख्य कार्यालयाला पाठवायच्या गोपनीय अहवालात त्यांच्या नावापुढे मी माझ्या त्या सुरेख, एकसारख्या अक्षरात शेरा लिहिला: कामात मंद, दुखण्याची सबब सांगतात, कायम करण्यास योग्य नाहीत. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत मी त्यावर हलकेच फुंकर घातली, हेही मला आठवतं.

जानेवारीत ते वयस्क इंजिनियर पुन्हा आले. सकाळचं कोवळं ऊन खोलीत तिरपं आलेलं, सगळे सावरून बसलेले, आणि मशीनला जोडलेला लाल गोळा त्या उन्हात माणकासारखा चमकत होता. त्यांना आनंद झाला. कोण वापरतं हे, त्यांनी विचारलं. त्या मशीनच्या सर्वांत जवळ ज्या बसल्या होत्या त्यांच्याकडे बोट करून मी म्हणालो, "या वापरतात. रोज."

मढवीबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग खुर्ची ओढून त्या मशीनपुढे बसल्या.

गोळा हलेना. त्यांनी बोटं फिरवून पाहिली. तो जागच्या जागी रुतलेला. त्यांनी शांतपणे यंत्र उलटं केलं, गोळा तळहातावर घेतला, आणि रिकाम्या खळग्यातून टेबलावर चिमूटभर कुंकू सांडलं आणि पाठोपाठ तांदळाचा एक पिवळा दाणा. पाहुणे वाकून बघू लागले. हे काय, त्यांनी विचारलं.

"तांदूल," मढवीबाई म्हणाल्या.

"राइस, सर," सावंतने अत्यंत गंभीर चेहऱ्याने भाषांतर केलं आणि हात जोडून वर बघितलं. पाहुणे इतके मोकळेपणी हसले की सगळी खोली हसली. तेवढ्यात मढवीबाईंनी पदराने खळगा पुसला, गोळा बसवला, सगळं यंत्र उचलून डावीकडे ठेवलं आणि डाव्या हाताची बोटं त्याच्यावर टेकवली. पडद्यावर एका टेकडीभोवती एकाच उंचीवरून फिरणारी समोच्चरेषा उघडी होती. ती त्यांनी एका दमात काढली. आधी जरा अडखळत, मग कुठे न थांबता, वळणावर न कचरता. पाहुणे म्हणाले की अशा हातामागे कित्येक महिन्यांचा सराव असला पाहिजे. मी मान डोलावली.

नंतर सावंतने विचारलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मी डावखुरीच हाय. शालेत बाईंनी पेन्सिल उजव्या हातात दिली, तवापासून उजवी."

त्या दिवशी तो ट्रॅकबॉल कपाटात परत गेला नाही, आणि पुढच्या दोन महिन्यांबद्दल लिहिताना आजही माझा ऊर भरून येतो. आयुष्यात मी पुष्कळ चांगले ड्राफ्ट्समन पाहिले, त्यांतला एक मी स्वतः होतो असंही मानतो. पण ती रेघ मला कधी साधली नसती. ओहोटीनंतर खाडीच्या चिखलावर पाणी ज्या रेषा मागे ठेवून जातं, तशा त्या डोंगरउताराच्या रेषा एकीमागून एक उमटत जात, आणि त्यांच्यात कुठेही माणसाच्या हाताचा थरकाप दिसत नसे. सूज उतरली. मनगटावरची पट्टी गेली. फेब्रुवारीत नकाशे सर्वांत जास्त कुणी पुरे केले हे विचारण्याची गरज उरली नाही. दुपारच्या सुट्टीत इतर जण त्यांच्या खुर्चीभोवती जमत आणि त्या आपली बोटं दुसऱ्याच्या बोटांवर ठेवून गोळा कसा फिरवायचा ते दाखवत. कंपनीने आणखी सहा ट्रॅकबॉल मागवले. कर्मचाऱ्यांच्या हातांची काळजी घेणारा दूरदृष्टीचा अधिकारी म्हणून मासिकात माझं छायाचित्र आलं. मी तो लाल गोळा हातात धरून उभा आहे.

तो शेरा मात्र मुख्य कार्यालयात तसाच होता. तो मागे घ्यायला एक पत्र पुरे होतं. पण त्या पत्रात, या बाईंचं काम आधी मंद का होतं आणि मग एकाएकी कसं सुधारलं हे लिहावं लागलं असतं, म्हणजे कपाटाबद्दल आणि किल्लीबद्दल लिहावं लागलं असतं, आणि मासिकाचा अंक तर नुकताच सगळ्यांच्या टेबलांवर पडलेला. आज लिहू, उद्या लिहू असं करत मी मार्च जाऊ दिला. कायम झालेल्यांची यादी आली. तिच्यात मढवी हे नाव नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी गोळा काढून, स्पिरिटच्या बोळ्याने आतला मळ स्वच्छ करून, ट्रॅकबॉल माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"सायब, आता कपाटात नका ठेवू. रोज पुसाला लागतं, नायतर अडकतं."

एवढंच. कंपनीच्या बसने मी वाशीला परतलो तेव्हा घाऊक बाजारावरून आंब्यांचा आणि पेंढ्याचा वास येत होता, लोक खिडक्या उघडून तो श्वास भरून घेत होते, आणि मी माझी खिडकी बंद करून घेतली.

दोन वर्षं त्या घरी होत्या, असं सावंतकडून कळलं. मग त्याच्याचकडून कळलं की गावात, दिराच्या दुकानावरच्या खोलीत, त्यांनी दोन कॉम्प्युटर घेऊन नकाशांचं काम सुरू केलंय, आणि ते चालतंय. माझ्या निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने उरले होते. एका रविवारी सकाळी मी गेलो. जाताना वाक्य तयार करून गेलो होतो, रिक्षात ते दोनदा पुटपुटून पाहिलं: मढवीबाई, तुमच्याबद्दल मी जे लिहिलं ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे कळल्यावरही मी ते खोडलं नाही, मला क्षमा करा.

खोलीत चार बायका काम करत होत्या, गावातल्याच, आणि चौघींच्याही बोटांखाली ट्रॅकबॉल होते. खिडकीतून खाडीचा खारट वारा येत होता. मला पाहताच मढवीबाई लगबगीने उठल्या.

"अगो, उठा उठा! ह्ये माजे सायब," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. "मना पयला गोला यांनीच दिला. तवा कोनाला ठाव पन नव्हतं ह्ये काय असतं."

चौघी उभ्या राहिल्या. एकीने वाकून नमस्कार केला.

तो शेरा त्यांच्या कानावर कधी आला होता की नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही माहीत नाही. आला नसेल, तर माझं वाक्य ऐकून त्यांच्याजवळची एक चांगली आठवण नासली असती, अशी मी माझी समजूत घातली. आला असेल, तर त्या बायकांसमोर त्यांनी मला जे दिलं त्याची परतफेड माझ्या वाक्याने होणार नव्हती. दोन्हीकडून विचार केला तरी गप्प बसणंच सोयीचं निघालं. मी चहा घेतला. एकीच्या पडद्यावर एक लांबलचक, निर्दोष वक्ररेषा होती. तिच्यात मला मढवीबाईंचा हात ओळखू आला, आणि त्यांच्या हाताला आधार देणारा मीच पहिला असं त्या खोलीने मानलं होतं. माझी मान ताठ झाली. मी म्हणालो, "रेघ फार छान आहे." मढवीबाई खूश झाल्या.

जिना उतरून मी रस्त्यावर आलो आणि मागे वळून पाहिलं. त्या गॅलरीत उभ्या होत्या. मी मोठ्याने हाक मारली, "मढवीबाई!"

"काय सायब?" त्यांनी कठड्यावरून वाकून विचारलं.

रस्ता रिकामा होता. घाई कुठलीच नव्हती. त्या थांबून राहिल्या.

"काही नाही," मी म्हणालो. "हाताला जपा."