कोन्सिंग कुणाला दिसायची

आमच्या गावात पेपांग बसलेली कुणी पाहिली नव्हती. नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात केळीच्या पानात गुंडाळून ती सुमान करायची आणि चर्चच्या दारात विकायची, पण तेही उभ्यानं, या पायावरून त्या पायावर. गिऱ्हाईक नसलं की टोपली उचलून बसथांब्यावर, तिथून धक्क्यावर, तिथून परत माझ्या दुकानासमोर.

"अगं, टेक की घटकाभर," मी म्हणायचे.

"टेकलं की डोकं चालायला लागतं, सेनांग. त्यापेक्षा पाय चाललेले बरे."

तिच्या डोक्यात काय चालायचं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. तिची थोरली बहीण कोन्सिंग खोबऱ्याचे व्यापारी दॉन हेर्मो यांच्याकडे कामाला होती. एका सकाळी ती त्यांच्याच विहिरीत सापडली. पाय घसरला, असं दॉननी सांगितलं. पोलिसांनी मान डोलावली, पाद्रीबाबांनी माती दिली. कळायला लागल्यापासून पाणी शेंदणारी पोरगी विहिरीवर घसरते कशी, हे विचारायची तिच्या आईची छाती झाली नाही. त्यांची झोपडी दॉनच्याच जमिनीवर होती. पेपांग तेव्हा परकरी पोर.

आमच्याकडे मेलेलं माणूस चाळीस दिवस घराभोवती घुटमळतं. ज्याला कुणी मारलं असेल ते तर मारणाऱ्याचा गळा धरल्याशिवाय जात नाही, असं सगळ्याच आज्या सांगतात. पेपांगनं वाट पाहिली. दारात भाताचं ताट ठेवलं, खिडकी उघडी ठेवली. कोन्सिंग आली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, पेपांगचे केस पांढरे झाले तरी नाही. दॉन मात्र ठणठणीत. संतांच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे तेच.

"एवढी कसली मुर्दाड माझी आते," पेपांग कधीतरी फणकारायची. आते म्हणजे आमच्यात थोरली ताई. "जिवंतपणी माशीसुद्धा मारली नाही, ते ठीक. पण मेल्यावर तरी?"

मग एका उन्हाळ्यात मनिलाहून सिनेमावाले आले. भुताचा सिनेमा होता. मालक मोलकरणीला विहिरीत ढकलतो आणि ती परत येऊन घरातल्या एकेकाला संपवते, अशी गोष्ट. दिग्दर्शकाला सगळे दिरेक म्हणायचे. त्याला आमच्या गावातलं काहीएक माहीत नव्हतं. असल्या गोष्टी काय, प्रत्येक गावात एक असते. त्याला जुनं घर हवं होतं आणि विहीर हवी होती, ती दॉनच्या अंगणात मिळाली. दॉनच्या मुलांना तर कोण कौतुक! आपलं घर पडद्यावर येणार म्हणून त्यांनी भिंतींना रंग दिला, आणि दिरेकनं कपाळाला हात लावून तो परत खरवडून काढायला लावला.

मी सरबताच्या बाटल्या पोचवायला तिथे रोज जायचे. भुताचं काम करणारी नटी विहिरीत डोकावली आणि तापानं फणफणली. दिरेक चिडलेला. बेबोत नावाचा त्यांचा नखरेल मेकअपवाला माझ्या दुकानाशी आला, आणि सुमान विकणाऱ्या पेपांगचे गुडघ्यापर्यंतचे केस बघून त्यानं गालावर हात ठेवला.

"अगंबाई! दिरेक गंगावनासाठी रडतोय आणि हे इथे चालतंबोलतं फिरतंय! मावशे, भूत होतेस का?"

"कुणाचं?" पेपांगनं विचारलं.

"विहिरीत ढकललेल्या मोलकरणीचं. चेहरा दिसणार नाही, केसच पुढे घ्यायचे. मी तुला अशी नटवीन, खरी भुतं तुझ्याकडे पत्ता विचारतील."

मला वाटलं, ती टोपलीच हाणेल त्याच्या डोक्यात. पण तिनं ती माझ्या फळीवर ठेवली आणि त्याच्यामागून चालू लागली.

सिनेमावाले भर दुपारी रात्र करायचे. कॅमेऱ्याच्या काचेला निळा कागद लावला की म्हणे चांदणं पडतं. पांढरा झगा घालून, ओल्या केसांनी पेपांग विहिरीच्या काठावरून उतरली. नीट शिकवलं होतं तिला: अंगण ओलांडायचं, पायरीवर बसलेल्या, मालक झालेल्या नटाच्या मानेला हात घालायचा. वरच्या सज्जात चाकाच्या खुर्चीवर खरे दॉन हेर्मो बसले होते, आणि शेजारी जपमाळ घेऊन त्यांची बायको, दोन्या साल्युद. आमच्यात बड्या घरचा मालक तो दॉन, मालकीण ती दोन्या.

पेपांग नटापाशी आली. तो डोळे विस्फारून तयारच होता. ती त्याच्या बाजूनं निघून गेली आणि जिना चढायला लागली.

"मावशे! अगं इकडे! तो मरायचा खोळंबलाय!" बेबोत ओरडला. सगळे हसले. मी हसले नाही. बाटल्या टाकून मी तिच्यामागे धावले.

ती दॉनसमोर उभी होती. केसांतलं पाणी त्यांच्या चपलांवर टपकत होतं.

"कोन्सिंगला का मारलंत?"

दॉननी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत ना भीती ना राग. पोराबाळांचा खेळ बघावा तसे ते हसले. "झकास! झकास भूत आहे," ते म्हणाले. "कोण कोन्सिंग?"

सोंग नव्हतं ते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. विसरले होते ते. पेपांगचे हात नुसतेच हवेत राहिले. विसरलेल्या माणसाचा गळा धरून तरी काय उपयोग?

तेव्हा दोन्या साल्युद बोलल्या, इतक्या हळू की मला वाकावं लागलं.

"त्यांना काय विचारतेस? त्यांना ती कधी दिसलीच नाही. माझ्याकडे येते ती."

पेपांग वळली.

"संध्याकाळी येते. बादली हातात असते. काही करत नाही, बोलत नाही. उभी राहते." दोन्यांची बोटं जपमाळेच्या एकाच मण्यावर अडकली होती. "मी या इथूनच पाहिलं होतं. त्यांनी तिचा हात धरला, ती झटकायला गेली, त्यांनी ढकललं. एकदा ओरडलीसुद्धा. मी पडदा ओढून घेतला."

"हे गावासमोर सांगाल?" पेपांगनं विचारलं.

दोन्यांनी जपमाळेचा पुढचा मणी ओढला. खालून दिरेक ओरडत होता. पेपांग खाली गेली आणि सांगितल्याप्रमाणे नटाचा गळा धरला. नट नंतर दोन दिवस मान चोळत होता.

नोव्हेंबरात सर्व संतांच्या दिवशी आख्खं गाव मेणबत्त्या, फुलं, जेवणाचे डबे घेऊन कबरस्तानात असतं. तिथे दोन्या साल्युद आपल्या घराण्याच्या संगमरवरी कबरी सोडून, काठी टेकत, कडेच्या गवतात कोन्सिंगच्या क्रुसापाशी आल्या.

"ही घसरली नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यानं हिला विहिरीत ढकललं आणि मी बघितलं."

डबे उघडायचे थांबले. मुलगे धावत आले. "आईचं डोकं फिरलंय, वय झालं," म्हणत त्यांनी दोन्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. पुढे काही झालं नाही. कोर्टकचेरी कोण करणार? पुरावा म्हणजे एक म्हातारी आणि एक खुळी. दॉन हेर्मो वर्षभरात झोपेतच गेले. मोठ्या थाटाची अंत्ययात्रा निघाली. फक्त पुष्कळ दारं त्या दिवशी बंद होती, एवढंच.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघी गेलो. पडद्यावर भूत मालकाला फरफटत विहिरीत नेतं, लोक टाळ्या पिटतात. पेपांग उठून बाहेर गेली. "इतकं सोपं असतं तर," म्हणाली.

मला वाटलं होतं, आता ती शांत होईल. झालं उलटंच. रोज संध्याकाळी ती दोन्यांच्या सज्जात जायला लागली. मुलगे मनिलाला परतले होते, तिला अडवणारं कुणी नव्हतं. मी सोबत गेले एकदोनदा. दोन्या खुर्चीत, पेपांग कठड्याशी येरझाऱ्या घालत.

"आली," दोन्या म्हणायच्या.

पेपांग अंगण धुंडाळायची. "कुठे? मला कशी दिसत नाही?"

"तिथे. रहाटाशी."

"काय म्हणते? माझ्याकडे बघते का?"

"माझ्याकडेच बघते गं," दोन्या म्हणायच्या आणि डोळे मिटायच्या.

एकदा पेपांग संतापली. "खोटं बोलायला काय जातं तुमचं? एकदा म्हणा की, बघते म्हणून!"

"खोटं पुष्कळ झालं माझं," दोन्या म्हणाल्या.

तरी दुसऱ्या संध्याकाळी पेपांग परत गेलीच.

दोन्या साल्युद पावसाळ्याच्या अखेरीस वारल्या. मुलांनी पेपांगला मयताला आत घेतलं नाही. ती फाटकाबाहेर चूल मांडून, येणाऱ्याजाणाऱ्याला सुमान वाटत राहिली, प्रार्थनेचे दिवस संपेपर्यंत. आमच्या शेजारणीला राहवलं नाही.

"तुझ्या बहिणीला मरू दिलं त्या बाईनं. पडदा ओढला तिनं! आणि तिच्यासाठी तू धूर खातेस?"

पेपांगनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"सगळ्या गावात एकटी तिलाच कोन्सिंग दिसायची," ती म्हणाली. "आता मी कुणाला विचारू, ती आली का म्हणून?"

शेजारणीनं हात पुढे केला. पेपांगनं तिच्या हातावर गरम सुमान ठेवलं आणि पुढच्या माणसाकडे वळली.