मुटका मारायचा नाही

किशनबापूंची आणि माझी पहिली भेट राणीसावरगावला, त्यांच्या विहिरीच्या काठावर झाली आणि त्याच भेटीत त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी 'चार गोड शब्द लिहा' असं संपादकांनी बजावलंय. गोड मला जमणार नाही.

मी पालमचा. मुंबईकडच्या एका संस्थेतून खलाशाचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. समुद्रात जीव कसा वाचवावा याचं प्रमाणपत्र खिशात, आणि अख्ख्या प्रशिक्षणात पाण्यात पायाचं बोटही बुडवलेलं नाही! संस्थेचा तलाव म्हणे दुरुस्तीला होता. शिक्के मात्र सगळ्यांच्या कागदावर पडले.

बापू जन्मभर मालवाहू जहाजांवर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. निवृत्तीनंतर गावी येऊन ते आमच्यासारख्या पोरांना फुकट शिकवतात. त्यांनी मला जीवरक्षक जाकीट चढवलं आणि "मार उडी" म्हणाले. लहानपणापासूनच्या सवयीनं मी गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारायला निघालो. त्यांनी जाकिटाला धरून मागं ओढलं अन् एक ठेवून दिली.

"मुटका मारायलास व्हय? जहाजावरून असा पडलास तर जाकीट वर उसळंल अन् मान मोडंल! सरळ उभं पडायचं. एका हातानं नाक धर, दुसऱ्यानं जाकीट आवळ."

दिवसभर त्यांनी मला उड्या मारायला लावल्या. जेवताना माझ्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढून हळूच म्हणाले, "लय लागलं का रं?"

पोखर्णीचा महादू माझ्याबरोबर त्याच संस्थेत शिकला. त्याला मी विहिरीवर बोलावलं होतं. "कागद हाय की, आता हिरीत कशाला उतरू?" म्हणून तो हसला. मीही आग्रह केला नाही, हे माझं पाप. पुढं आम्ही दोघं होतो त्या जहाजाला आग लागली. मी सरळ उडी मारली. महादूनं मुटका मारला. जाकिटानं त्याला वर आणलं, पण मान लुळी पडली होती.

त्या संस्थेच्या दारावरची पाटी आजही झळकते. शिक्का कुणी मारला, हे एकाही अधिकाऱ्यानं विचारलं नाही. थू त्यांच्या जिनगानीवर! महादूचा मृतदेह घरी आणायलाही कंपनी टाळाटाळ करू लागली, तेव्हा बापू तिच्या दारात ठाण मांडून बसले. "आजोबा, प्रक्रिया असते," साहेब म्हणाला. "साहेब, पोराची माय तिकडं जेवंना झालीय. तुमची प्रक्रिया जेवली का?" बापू म्हणाले. ते महादूला घेऊनच परतले.

आता शाली द्या, हार घाला. पण ज्यांनी हे काम पगार घेऊन करायचं, त्यांच्याऐवजी पंचाहत्तरीचा माणूस विहिरीच्या काठावर उभा आहे, याची लाजही वाटू द्या.

बापू, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे धड राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. पुढच्या आठवड्यात महादूचा धाकटा भाऊ तुमच्याकडं येतोय. त्याच्याही खिशात त्याच संस्थेचा कागद आहे. हात आखडू नका.