वारा पाठीवर होता

मी आयुष्यात एकही हरीण मारलेलं नाही. तरीही अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल मला कुणीही काहीही विचारावं. ते कुठल्या वाऱ्याला कुठून येतं, बिथरलं की शेपटी उभी करून कसं पळतं, शिकारीला जाण्याआधी किती दिवस वासाचा साबण बंद करायचा, सगळं मला तोंडपाठ आहे. हे ज्ञान मी मिळवलं आखातातल्या मुसफ्फात. तिथे चार पायांचं म्हणाल तर आमच्या कॅम्पच्या मेसमागे एक बोका असायचा, आणि तोही शिकारीपेक्षा आचाऱ्यावरच जास्त विसंबून होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एका फॅब्रिकेशन यार्डात वेल्डर होतो. आमचं काम तपासायला एक अमेरिकन साहेब होता, पन्नाशी उलटलेला, उंच, उन्हाने मान कायम लाल झालेला. त्याचं तत्त्व एकच. वेल्ड वाईट झाला तर सांगा, कापू, पुन्हा करू, कुणी रागावणार नाही. पण वाईट वेल्डवर रंग मारून लपवलात तर खलास. एकाला त्याने त्यापायी घरी पाठवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं.

साहेब वर्षाचे अकरा महिने आमच्यात असायचा आणि नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला गावी जायचा. खरं सांगायचं तर उरलेले अकरा महिनेही त्याचा फक्त देहच मुसफ्फात असायचा.

एकदा मी सहीसाठी त्याच्या कॅबिनमध्ये गेलो. बाहेर जुलै पेटलेला, आत एसी. भिंतीवर भल्यामोठ्या शिंगांच्या हरणाचा फोटो होता. त्या गारव्यात जरा जास्त वेळ उभं राहता यावं म्हणून मी फोटोकडे फार मन लावून बघत राहिलो. साहेबाने मान वर केली. "शिकार करतोस?"

"येस सर," मी म्हणालो. "पिग."

आता, आमच्या रत्नागिरीकडच्या गावात रानडुकराची शिकार व्हायची हे खरं. मी तिला जायचो हेही खरं. पण बंदुका असायच्या चौघांकडे. बाकीचे तीस-पस्तीस जण हाक्याला, म्हणजे डबे बडवत, आरडाओरडा करत रान उठवायचं आणि जनावर बंदुकांकडे रेटायचं. मी मिसरूड फुटल्यापासून गाव सोडेपर्यंत हाक्यातच होतो. हातात गोडेतेलाचा रिकामा डबा आणि एक दांडकं. बंदूकवाल्यांत माझे काका होते, पण त्यांनी मला बंदुकीला कधी बोटसुद्धा लावू दिलं नाही.

पण साहेबाला बोलायला माणूस हवा होता. आठवड्याभरात माझी मदतनीस म्हणून कॅबिनमध्ये बदली झाली. खडू, टॉर्च आणि पट्टी घेऊन साहेबामागे हिंडायचं आणि उरलेला वेळ गारव्यात बसून हरणं ऐकायची. बाहेर माझे सोबती उन्हात भाजून निघत होते.

पहिला धडा वाऱ्याचा. वारा नेहमी आपल्या तोंडावर हवा, म्हणजे आपला वास जनावराकडे जात नाही. दुसरा नजरेचा. अख्खं हरीण शोधायला जाऊ नये, ते कधीच दिसत नाही. झाडं सगळी उभी असतात, तेव्हा जंगलात आडवी रेघ दिसली की ती पाठ समजावी. मग कान शोधावा. तिसरा धडा असा की बार काढल्यावर धावत सुटू नये, अर्धा तास बसून कॉफी प्यावी. पाठलाग नसला तर जखमी जनावर जवळच बसतं. आमच्याकडे बार वाजला की कुत्र्यांसकट अख्खा गाव धावत सुटायचा, हे मी साहेबाला सांगितलं नाही.

सगळ्यात अवघड धडा गप्प बसण्याचा. झाडाला बांधलेल्या माळ्यावर पहाटेपासून चार-चार तास बसायचं, हलायचं नाही, खोकायचं नाही. साहेब हे इतक्या भक्तीने सांगायचा की मीही मान डोलवायचो. आमच्या कोकणात माणूस पाच मिनिटं गप्प बसला तर लोक विचारतात, काय रे, बरं नाही काय?

खोलीवर मात्र माझी धडगत नव्हती. माझ्याच गावचा एक पेंटर आमच्या खोलीत होता आणि त्याला माझ्या डब्याचा सगळा इतिहास ठाऊक होता. मी दारात दिसलो की तो उठून उभा राहायचा.

"या, शिकारी, या! आज काय मारलंत, माशा?"

"गप रे."

"मेल्या, साहेबाला सांगू काय, तुझ्या डब्याला पोचे किती होते ते?"

तो सांगणार नव्हता. पण माझा जीव थोडा थोडा व्हायचा. साहेबाची विद्या मी मेसमध्ये वापरून बघितली, तीही फसली. एक्झॉस्ट फॅनचा अंदाज घेऊन, वारा तोंडावर घेत, मी माशाच्या जादा तुकड्यासाठी आचाऱ्याच्या पाठीमागून दबा धरून गेलो. त्याने वळूनही पाहिलं नाही. "हबीबी, एक ही पीस मिलेगा," एवढंच म्हणाला.

सुरुवातीला मला भीती होती ती एसी जाईल याची. पुढे पुढे साहेबच जाईल अशी भीती वाटायला लागली. तो मला आवडायला लागला होता. जेवताना सफरचंद कापून अर्धं माझ्यापुढे ठेवायचा, माझ्या मुलीची चौकशी करायचा, आणि मी त्याच्यासमोर रोज रंग मारलेला वेल्ड होऊन बसायचो.

ऑक्टोबर संपत आला. जायच्या तयारीत असलेला साहेब एका सकाळी म्हणाला, "तुझ्या पहिल्या डुकराची गोष्ट नीट सांग. गावी मित्रांना सांगेन." काकांनी मारलेलं एक डुक्कर मी तुकड्यातुकड्यांनी कधीच माझ्या नावावर करून टाकलं होतं. आता ते अख्खं सांगायला बसलो. रंगात आलो. धुकं नुकतंच विरलंय, समोर करवंदीची जाळी आहे, वारा पाठीवर गार लागतोय...

साहेबाची पेन्सिल थांबली. "वारा कुठे?"

"पाठीवर, सर."

"आणि डुक्कर?"

"समोर."

वेल्डवर टॉर्च मारून बघायचा तसा तो माझ्याकडे बघत राहिला. "मग त्याला तुझा वास गेला असणार. तरी ते तुझ्याकडे आलं कसं?"

काका वाऱ्याला तोंड देऊन उभे असत. वारा पाठीवर असतो तो हाका घालणाऱ्यांच्या. गोष्टीत बंदूक मी काकांची उसनी घेतली, पाठ मात्र माझीच राहिली. माझे कान तापले. मी सांगून टाकलं. बंदूक काकांची, डुक्कर काकांचं. मी फक्त ओरडत होतो.

साहेबाने पेन्सिल टेबलावर ठेवली. म्हणाला, "बाहेर जा."

मी यार्डात गेलो आणि कुणी न सांगताच हातमोजे घालून कामाला लागलो. पेंटर ब्रश घेऊन टिंगल करायला आला, माझं तोंड पाहिलं आणि मुकाट्याने पाण्याची बाटली ठेवून गेला. मला रडायला येत होतं. वेल्डिंगच्या चष्म्याचा एक फायदा असतो, आत काय चाललंय ते बाहेर दिसत नाही.

जेवणाच्या सुटीनंतर निरोप आला. साहेब टेबलामागे बसला होता. "त्या दिवशी खरं काय झालं ते सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मग मी खरं सांगितलं. डुक्कर बंदुकांकडे जायचं सोडून माघारी वळलं ते थेट माझ्यावर. मी डबा त्याच्या अंगावर फेकला आणि काजूच्या झाडावर चढलो. डब्याच्या आवाजाने ते पुन्हा फिरलं आणि काकांच्या समोर गेलं. संध्याकाळी देवळामागे वाटे पडले. बंदूकवाल्याला मुंडी जास्तीची, कुत्र्याला त्याचा वाटा, बाकी सगळ्यांना सारखं. झाडावरून ओरडणाऱ्यालासुद्धा.

"ओरडायचास म्हणजे काय ओरडायचास?" साहेबाने विचारलं.

"हाका घालायचो, सर."

"घाल."

मला वाटलं थट्टा करतोय. त्याचा चेहरा मात्र अगदी तपासणीचा. मी उभा राहिलो, पोटात हवा भरली आणि कितीतरी वर्षांत घातला नव्हता तसा हाका घातला. खिडकीची काच थरथरली. बाहेर एकेक करत सगळे ग्राइंडर थांबले. फोरमन प्रथमोपचाराची पेटी घेऊन धापा टाकत आत शिरला. "कौन गिरा? कौन गिरा?"

"कुणी नाही," साहेब म्हणाला. "टेस्ट चालली होती." फोरमनने दार लावल्यावर तो इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. मग चष्मा पुसत बसला, बराच वेळ. "मी बावीस वर्षं शिकारीला त्या एकाच झाडावर बसतोय," तो म्हणाला. "धाकटा मुलगा पूर्वी यायचा. आता पलीकडच्याच शेतात राहतो, पण येत नाही. का ते मलाही नीट माहीत नाही. हंगामाचे नऊ दिवस मी कुणाशी बोलत नाही. आमच्यात तेच बरोबर समजतात." आणि टॉर्च माझ्यापुढे सरकवून तपासणीला निघाला. मी मागोमाग गेलो.

नोव्हेंबर गेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साहेब परत आला. मी भीतभीतच विचारलं, "सर, हरीण?"

"नाही मिळालं."

"वारा उलटा होता?"

"वारा उत्तम होता. तिसऱ्या सकाळी मी ओरडलो."

"ओरडलात, सर?"

"तू ओरडलास तसाच. जेवढं जमलं तेवढं. मैलभरातली हरणं पळाली असतील." तो खुर्चीत रेलला. "माझा मुलगा शेतातून धावत आला, पायात एकच बूट. त्याला वाटलं, म्हातारा झाडावरून पडला. मी वरून सांगितलं, पडलो नाही. तेव्हा तो खाली उभा राहून मला इतक्या शिव्या द्यायला लागला, इतक्या, की मध्येच त्याचा आवाज बसला. मग वर चढून माझ्या शेजारी येऊन बसला. दुपारपर्यंत बसला होता."