अकरा दिवसांनी मोठा

समोरच्या यज्ञेशची नोकरी गेली ही बातमी सोसायटीत मीच पसरवली. आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरची लता तुम्हाला सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगेल.

माझ्याकडे पुरावा होता हो. यज्ञेश विमानात को-पायलट. सहा वर्षं त्याला न्यायला कंपनीची पांढरी गाडी गेटवर यायची आणि आमचा वॉचमन दशरथ त्या रिकाम्या गाडीलासुद्धा सलाम ठोकायचा. ती गाडी एकाएकी बंद झाली. एका सकाळी बघते तर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर तीन पट्ट्या, हातात चाकांची बॅग, आणि हा रिक्षावाल्याची मनधरणी करतोय. रिक्षावाला म्हणे विमानतळावरून परतीचं भाडं मिळत नाही. पायलटला रिक्षावाला नाही म्हणतोय! मी लताला एवढंच म्हटलं, "गेली वाटतं गं नोकरी. सवय सुटत नाही म्हणून कपडे घालून हिंडतो बिचारा." संध्याकाळी मुलुंड स्टेशनाजवळच्या भाजीवालीने मलाच विचारलं, "तुमच्या बिल्डिंगीतला पायलट वेडा झाला म्हणतात, खरं का?"

खोटं होतं. कंपनीने खर्च कमी करायला गाड्या बंद केल्या होत्या, एवढंच. नोकरी शाबूत होती. पण शाबूत म्हणजे कशी, ते मला शुक्रवारी कळलं.

त्या दिवशी साडेसहाला मी अळूवड्या घेऊन समोरची बेल दाबली. सांत्वन करायला, आणि थोडं बघायलाही. यज्ञेशच्या आईने, नीलाने, दार साखळी लावूनच उघडलं. तिच्या हातात वायफायचा डबा होता, वायर लोंबत असलेला.

"सात वाजेपर्यंत थांब गं शकु. मग लावते परत."

"हे काय नवीन?"

"मेल येते ना. शुक्रवारीच येते, सहा ते सात."

दोन शुक्रवारांत ऐंशी पायलटांना मेल आली होती. इंजिनांअभावी विमानं उभी आहेत, पुढचं कळवेपर्यंत तुम्ही बिनपगारी रजेवर.

"अगं पण त्याच्या फोनला नेट असतं की!"

"माहितीये मला. पण माझ्या घरातून तरी नको यायला."

माझ्या जिभेवर चांगला टोमणा आला होता, तो गिळला. आत शिरले तर सोफ्यावर यज्ञेश बसला होता, गुडघे जवळ घेऊन. समोर टीपॉयवर स्टीलचं पातेलं पालथं घातलेलं. झुरळ सापडलं की आपण झाकतो तसं. आत फोन होता.

हा मुलगा मुळातच भित्रा. हे मी प्रेमाने सांगते, लहानपणापासून बघितलंय म्हणून. गॅसचं बटण तीनदा बघणार, कुलूप दोनदा ओढणार. जत्रेतल्या आकाशपाळण्यात कधी बसला नाही, आणि पुढे निघाला पायलट व्हायला. नीलाने बँकेतून निवृत्त होताना मिळालेले सगळे पैसे त्याच्या शिक्षणात घातले तेव्हा मी हसून लोळले होते. विचारलं, "पाळण्यात बसत नाहीस, विमान कसलं चालवतोस?" तर म्हणाला, "पाळणा कोण चालवतंय ते दिसत नाही, मावशी."

आता कोण चालवतंय ते पुन्हा दिसत नव्हतं. कंपनीत एक यादी असते, कोण आधी लागला त्याप्रमाणे. कापायचं झालं की खालून कापतात. यज्ञेशचा नंबर चारशे बारा. त्याच्या खालचा चारशे तेरा नंबर म्हणजे प्रितम, मढच्या कोळ्यांचा मुलगा, याचा जिवलग. दोघं एकाच दिवशी कामाला लागले होते. एकाच दिवशी लागले की वय बघतात, मोठा तो वर. यज्ञेश अकरा दिवसांनी मोठा. कंपनीने रेघ मारली ती बरोबर या दोघांच्या मधून.

"डॉक्टरांनी तारीख दिली होती ना, त्याच्या दोन आठवडे आधी झाला गं हा," नीला म्हणाली. "तारखेला झाला असता तर आज हा घरी असता आणि प्रितम उडत असता."

"आयुष्यात एकदाच घाई केली, ती कामी आली," मी म्हटलं.

प्रितमला याने दोन आठवडे फोन केला नव्हता. "काय बोलू?" मला म्हणाला. "मी तुझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा आहे, असं सांगू?"

त्यातच बोरिवलीच्या कॅप्टन श्यामसुंदरांनी पायलटांच्या ग्रुपवर लिहिलं. जे अजून उडतायत त्यांनी दर महिन्याला तीन तासांच्या उड्डाणाचे पैसे घरी बसलेल्यांसाठी काढावेत, तयार असेल त्याने खाली आपलं नाव लिहावं. तीनशे जणांनी वाचलं. कुणीही लिहिलं नाही. ग्रुपमध्ये ऑफिसची माणसं आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. या यादीत नाव दिसलं तर त्या यादीत जाईल, ही प्रत्येकाची धडकी. दिवसभर एकमेकांना फोन: तू लिहिलंस? नाही, तू लिही, मग मी. आणि सगळ्यांचा डोळा यज्ञेशवर. रेघेवर उभा राहिलेला तोच.

नीला चिडली. "श्यामसुंदरांचं काय जातंय? वर्षभरात रिटायर. याचा नंबर चारशे बारा आहे!"

मीही तिचीच री ओढली. "कंपनीची इंजिनं बंद पडली, त्याचा दंड पोरांनी का भरायचा?"

"सगळे हेच म्हणतायत," यज्ञेश म्हणाला. "आपण पोसायला लागलो तर कंपनी आणखी शंभर जणांना घरी बसवेल. तिला काय, फुकटच."

"मग बरोबरच आहे की!"

"बरोबर आहे. पण प्रितमचा कर्जाचा हप्ता पाच तारखेला असतो. आणि सिम्युलेटरची परीक्षा या महिन्यात. पैसे स्वतःच भरायचे. नाही दिली तर लायसन्स नासतं, मावशी, दुधासारखं." मग नखं खात बसला. नाव काही लिहिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी पाच वाजता लिफ्टचं दार वाजलं. मी आपली सहज दाराच्या भोकाला डोळा लावून होते. प्रितम! मढहून मुलुंडपर्यंत स्कूटरवर आलेला, हातात थर्माकोलची पेटी, खालून पाणी ठिबकतंय. बेल वाजली. आत पावलांची धावपळ, मग नीलाने दार उघडलं.

"यज्ञेश नाही रे घरी. फ्लाइटला गेलाय."

प्रितमने खाली बघितलं. दारात यज्ञेशचे काळे बूट, आरशासारखे चकचकीत.

"अनवाणी गेला, काकू?"

आता मला कुठे राहवतंय! दार उघडून म्हटलं, "बाथरूममध्ये बघ रे. घाबरला की लहानपणापासून तिथेच जातो."

नीलाने माझ्याकडे असं बघितलं की आजही अंगावर काटा येतो. पण कडी वाजली आणि यज्ञेश बाहेर आला. चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा.

"पैसे मागायला नाही आलो रे. बस," प्रितम म्हणाला. स्वतः जमिनीवरच बसला, पेटी पुढ्यात. "ड्यूट्या लावणाऱ्या रोस्टरमधल्या मधुवंतीने सांगितलं. दुसरी यादी बनतेय. चारशेपर्यंत. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती म्हणून आलो."

चारशेपर्यंत. म्हणजे चारशे बारा त्यात. नीला खुर्चीचा हात धरून बसली. मी शेजारीण, माझं काय जाणार होतं, पण मीही आत येऊन सोफ्यावर टेकले.

"आणि हे काय?" यज्ञेशने पेटीकडे बोट केलं.

"पाटी. बाबांनी पाठवली." प्रितमचे वडील रामनाथ, अजून स्वतःची होडी घेऊन जातात. "आमच्या बंदरावर कुणाच्या होडीचं इंजिन बसलं की बाकीच्या होड्या येताना त्याच्या दारात माशांची एकेक पाटी टाकतात. मी म्हटलं, बाबा, त्याचं इंजिन अजून चालू आहे. तर म्हणाले, तीन आठवडे फोन नाही ना? मग खोकतंय ते. जा, देऊन ये."

"उलटी गंगा," मी म्हटलं. "बिनपगारी माणूस पगारवाल्याला मासे वाटतोय!"

"पाटी परत येते ना, मावशी. आमचं इंजिन बसलं होतं तेव्हा अडीच महिने पाट्या येत होत्या. दया म्हणून आल्या असत्या तर आमच्या आयने, अंजनाबाईने, त्याच पाट्या त्यांच्या डोक्यावर रिकाम्या केल्या असत्या."

घड्याळात सहा वाजत आले. नीला सवयीने उठली आणि वायफायच्या वायरीला हात घातला.

"राहू दे, आई," यज्ञेश म्हणाला.

त्याने पातेलं उचललं. फोन घेतला. फोनचं कुलूप तिसऱ्या खेपेला उघडलं. प्रितम सरकून त्याच्या डावीकडे बसला. विमानात ही माणसं एकाने केलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय काही करत नाहीत म्हणे. यज्ञेशने लिहिलं.

"वाच," प्रितम म्हणाला.

"चारशे बारा. यज्ञेश. मी तयार आहे."

"बरोबर?"

"बरोबर."

"पाठव."

पाठवलं आणि फोन टीपॉयवर उघडाच ठेवला. आम्ही चौघं त्याच्याकडे बघत. साप बसावा तसा तो फोन. पाच मिनिटं. दहा. नीला तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत होती. सहा वाजून वीस मिनिटांनी टिंग वाजलं आणि माझ्या हातातला पाण्याचा पेला सांडला.

श्यामसुंदरांचा अंगठा होता. खाली रेवती नावाच्या कुणी मुलीने लिहिलं होतं, 'तीनशे अठ्ठ्याण्णव. मी पण.'

पेटीतली मांदेली मी साफ केली, हे इथे नोंदवून ठेवते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. ती साफ होईपर्यंत सात नावं झाली होती. दोघं ग्रुप सोडून गेले. मेल त्या शुक्रवारी आली नाही. पण त्याने काय होतं? पुढचा शुक्रवार आहेच.

आज एकशे चाळीस नावं आहेत. बाकीचे अजून वाचतायत. प्रितमने परीक्षा दिली, लायसन्स शाबूत आहे, नोकरी अजून नाही. दुसरी यादी येणार म्हणतात, नाही म्हणतात, रोज नवीन ऐकू येतं, आणि या खेपेस मी पसरवत नाही. नीला शुक्रवारी वायफायचा डबा काढतेच. यज्ञेशही पहिल्यासारखाच भित्रा आहे, गॅसचं बटण आता चारदा बघतो.

काल सकाळी तो गेटवर रिक्षाची वाट बघत होता. मला राहवेना. म्हटलं, "काय रे, आणि उद्या यादीत तुझंच नाव आलं तर? दिलेले पैसेही गेले आणि नोकरीही गेली."

त्याने बॅग रिक्षात ठेवली, तिची चेन दोनदा ओढून बघितली आणि म्हणाला, "मग तुमची बातमी एकदाची खरी होईल, शकुमावशी. पेढे तुम्ही वाटा. आणि पाटी आली की मांदेली साफ करायला या."