पालकांच्या विनंतीवरून

आमच्या शाळेने तिच्या सगळ्या इतिहासात एकाही विद्यार्थ्याला काढून टाकले नाही. ही गोष्ट अगदी खरी आहे आणि मी तिचा जिवंत पुरावा आहे. मला नववीच्या शेवटी शाळेने काढले नाही. माझ्या वडिलांनी तशी विनंती केली.

ऐंशी-एक्क्याऐंशीचा सुमार. शाळा नाशिकमधली, नावाजलेली, आणि नाव मुख्यतः दहावीच्या निकालाबद्दल. निकालाचा आकडा दर जूनमध्ये फाटकाजवळच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहीत, भोवती वेलबुट्टी काढत, आणि तो फळा दिवाळीपर्यंत कोणी पुसत नसे. या आकड्याच्या आड येऊ शकतील अशा मुलांची यादी नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर तयार होई. मला गणितात अठरा मार्क होते. यादीत माझे नाव कितवे होते ते मी पाहिलेले नाही, पण अठरा बघता बरेच वर असावे.

मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावून घेतले. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. ते मॅट्रिक झाले होते ते नोकरी करता करता, बाहेरून, त्यामुळे त्यांच्या सर्टिफिकेटवर कुठल्याच शाळेचे नाव नव्हते. ही गोष्ट त्यांना फार लागून राहिली होती. मुलीने पहिला वर्ग आणावा वगैरे त्यांचे काही म्हणणे नव्हते. तिने शाळेतून दहावीला बसावे आणि पास व्हावे, एवढेच.

मुख्याध्यापकांनी त्यांना बसायला सांगितले. मला सांगितले नाही.

"हे बघा, मुलांना काढून टाकणं ही आपल्या शाळेची परंपरा नाही."

"नाही, सर," वडील म्हणाले.

"पण हिला नववीत ठेवली तर वर्ष जाईल. पुन्हा तसंच झालं तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवावं लागेल. त्यापेक्षा तुम्ही दाखला मागा. आम्ही वर चढवून देतो."

"म्हणजे पास?"

"पासच. फक्त इथे नाही." मग त्यांनी विचारले, "खेड्यात कोणी नातेवाईक?"

"बहीण आहे. सायखेड्याच्या अलीकडे एक गाव आहे, तिथे."

"मग प्रश्नच मिटला! तिथले मुख्याध्यापक माझे स्नेही. चिठ्ठी देतो."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि अर्ज सांगायला सुरुवात केली. 'घरगुती अडचणींमुळे माझ्या मुलीचे नाव कमी करावे,' इथवर आल्यावर वडिलांचे पेन थांबले. मला वाटले, आता ते उठतील.

"सर, 'घरगुती अडचणी' म्हटलं की वरचा माणूस विचारतो, कसल्या अडचणी? 'कौटुंबिक कारणास्तव' लिहावं. त्यावर शेरा पडत नाही."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. वडिलांनी सबंध अर्ज नव्याने रचला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात, शेवटी 'कळावे, ही विनंती' असे घालून. त्यांनी कचेरीत कितीतरी अर्ज लिहिले असतील, पण इतका निर्दोष अर्ज दुसरा नसेल. परतताना मी सायकलच्या कॅरिअरवर बसले होते. आईने दारातच विचारले, काय झाले? ते म्हणाले, "मसुदा त्यांना आवडला."

दाखल्यावर लिहिले होते, वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक, शाळा सोडण्याचे कारण पालकांच्या विनंतीवरून. माझ्याबद्दल त्या शाळेने लेखी स्वरूपात इतके चांगले त्यापूर्वी कधी म्हटले नव्हते.

गावच्या शाळेतल्या कारकुनाने माझा दाखला आणि अर्जाची प्रत पाहिली आणि टेबलावरचे आणखी दोन कागद माझ्या कागदांशेजारी ठेवले. माझ्याच वर्गातली दोन मुले माझ्या आधी येऊन नाव घालून गेली होती. तिन्ही अर्जांत 'कौटुंबिक कारणास्तव' होते, समास सारखाच होता, आणि शेवटी 'कळावे, ही विनंती' होते. नाशिकच्या मुख्याध्यापकांनी वडिलांचा मसुदा चालू केला होता.

"काय ओ," कारकून वडिलांना म्हणाला, "तुम्हा तिघांच्या घरात एकदमच काय झालं?"

वडील सहीची जागा शोधत राहिले.

मी आत्याकडे राहिले. तिचे घर गावाबाहेर मळ्यात होते, आणि मळ्यातल्या घरात दिवसा कोणी नसते. आत्या पहाटेपासून कांद्यात किंवा टमाट्यात. ती माझ्यावर माया करी, पण बोलायला तिला फुरसत मिळे ती जेवताना, आणि तेव्हा ती दमलेली असे. संध्याकाळी मी शाळेतून मळ्याच्या वाटेला लागे तेव्हा मागून नाशिकची एसटी निघे. त्या दोन मुलांचा पास होता, ती रोज घरी जात. धूळ खाली बसेपर्यंत मी वाटेतच उभी राहत असे. त्यात मुलांना पाहण्याचा भाग नव्हता, गाडी नाशिकला चालली होती एवढेच.

या अख्ख्या शाळेत माझी जुनी शाळा पाहिलेली माणसे दोनच, तीच दोघे, आणि त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. मुलगे खिडकीच्या बाजूला, मुली भिंतीच्या बाजूला. मधल्या पट्ट्यात फक्त सर फिरत.

मुलींनी पहिल्याच आठवड्यात चौकशी केली.

"काय गं नाशिकवाली, तुला काढून दिली व्हय?"

"नाही. वडिलांच्या विनंतीवरून आले."

"अगं बाई! हिच्या बापानंच काढली हिला!"

तेही खोटे नव्हते. नंतर त्या मुली वाईट वागल्या असे मी म्हणणार नाही. त्यांची एकमेकींशी पहिलीपासूनची मैत्री होती, भांडणेसुद्धा जुनी होती, आणि मधेच आलेल्या माणसाला त्यात कुठे बसवायचे हे त्यांना सुचत नव्हते. नाशिकच्या मैत्रिणीला मी चार पत्रे टाकली. एक उत्तर आले, त्यात स्नेहसंमेलनातल्या नाचाचे सविस्तर वर्णन होते. मधल्या सुट्टीत मी वर्गाच्या मागे ठेवलेल्या कपाटातली पुस्तके वाचू लागले. कपाटाला कुलूप नव्हते. त्याची गरज कोणाला वाटली नसावी.

गणिताचे सर आमच्या दहावी 'ब' चे वर्गशिक्षक होते. सडपातळ, खिशात खडू, शर्टावर त्या खडूचा कायमचा डाग. शिकवण्यापेक्षा हजेरीत त्यांचा जीव जास्त. नाव पुकारून झाल्यावर ते डोकी मोजत, मग कॅटलॉगशी ताडून पाहत. मला वाटायचे, स्वभाव. खरा प्रकार ऑगस्टमध्ये कळला. मला ताप आला होता, दोन दिवस मी घरीच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सर सायकल ढकलत मळ्यात हजर. चिखलाने चाके भरलेली.

"ताई, उद्या पोरीला पाठवा. तपासणी आहे."

"सर, पोरगी फणफणलीय अन् तुमचं हजेरीचंच चाललंय?"

"नुसती बसली तरी चालेल."

"बसवते की. देव्हाऱ्यात बसवू का?"

सर हसले नाहीत. सायकलच्या हँडलकडे बघत म्हणाले, "ताई, एक डोकं कमी भरलं तर 'ब' तुकडी बंद होते. तुकडी गेली की मी जादा ठरतो. जादा शिक्षक कुठं पाठवतील, नेम नाही."

एवढ्यावरून मला सगळे समजले. नाशिकच्या शाळेला निकाल हवा होता आणि या शाळेला डोकी, आणि दोन मुख्याध्यापकांचा स्नेह त्यावर टिकला होता. शाळेला मी हवी आहे, हे मला आयुष्यात प्रथमच कळत होते. डोक्यात काय आहे, याची अर्थात चौकशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याची शाल पांघरून मी बाकावर बसले. शिक्षण खात्याचे अधिकारी आले, बोटाने एकेक डोके मोजत माझ्यापाशी थांबले.

"शाल कशाला?"

"ताप आहे, सर."

"मग आलीस कशाला?"

फळ्याजवळ उभ्या सरांच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले. काहीतरी बोलणे भाग होते.

"गणिताचा तास आहे, सर. चुकवावासा वाटत नाही."

भिंतीच्या बाजूने कोणीतरी फिस्कन हसले. अधिकाऱ्यांना ते ऐकू आले नसावे. त्यांनी जाताना शेरेबुकात लिहिले, 'विद्यार्थ्यांमध्ये विषयाची गोडी निर्माण झाल्याचे आढळले.' शाळेने तो शेरा सूचना-फलकावर लावला.

त्या संध्याकाळी एसटीच्या थांब्याजवळून जाताना नाशिकच्या दोघांपैकी एकाने विचारले, "ताप खरा होता का?"

"हो," मी म्हणाले.

आमच्यात वर्षभरात झालेले हे एकमेव संभाषण.

पुढच्या आठवड्यात सर मधल्या सुट्टीत कपाटापाशी आले आणि हातातले पुस्तक मिटायला लावले. "तू आली नाहीस तर नुकसान माझं. नापास झालीस तर तुझं. माझं तू भागवलंस." आणि त्यांनी फळ्यावर एक समीकरण लिहिले.

तेव्हापासून रोज मधली सुट्टी. त्यांना शिकवता येत होते, हे कळून त्यांना स्वतःलाच जरा नवल वाटले असावे. माझी अडचण साधी होती. पाचवीत अपूर्णांक चालू असताना मी गोवराने आजारी होते, आणि त्या पुढचे सगळे गणित मी अपूर्णांकांशिवाय करू पाहत होते. नाशिकच्या शाळेत हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण तिथे मार्क बघत. सर मला पाचवीचे पुस्तक घेऊन मागे नेत गेले. मुली डबा खात लांबून बघत आणि म्हणत, "बोलावलंय काय, शिकवतात काय, मजा आहे बाबा हिची." माझी मजा पस्तीस मार्कांची होती. तेवढे पडले नाहीत तर सतरा नंबरचा फॉर्म, आणि वडिलांसारखे बिनशाळेचे सर्टिफिकेट. वडील महिन्यातून एकदा यायचे, फक्त विचारायचे, "जमतंय?" मी म्हणायची, "हो." मग आम्ही दोघे बांधावर बसून एसटीची वेळ होण्याची वाट बघायचो.

जूनमध्ये निकाल लागला. आम्ही तिघेही पास. मला गणितात एक्केचाळीस. वडील स्वतः मार्कशीट घ्यायला आले, शाळेच्या नावावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला आणि कागद घडी न करता फायलीत ठेवला. सरांनीही मार्कशीट मागून घेतली.

"एक्केचाळीस. सहा जास्तीच केलेस."

मुख्याध्यापकांनी पास झालेल्या प्रत्येकाला नारळ आणि गुलाबाचे फूल दिले, आणि आमच्या यशामुळे शाळेचा पाया भक्कम झाल्याचे सांगितले.

आम्ही पास होऊन बाहेर पडलो. नाशिकच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले होते. ते कच्च्या मुलांना वर न चढवता सरळ नववीतच नापास करू लागले, त्यामुळे त्या वर्षी तिकडून कोणी आले नाही. गावची 'ब' तुकडी बंद झाली. सर जादा ठरले आणि दूर डोंगरात, संस्थेच्या सुरगाण्याकडच्या शाखेत त्यांना धाडण्यात आले. तिथे गणिताला आधीच शिक्षक होते. सरांना चित्रकलेचे तास दिले.